या कापडात लाल नाही

रविवारी सकाळी विभा पोतनीस रिठे कुस्करायला बसली की घरात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम होता. आदल्या दिवशी भिजवलेले वीस रिठे, कोमट पाणी, पितळी घंगाळ आणि गाळायला जुनं मऊ धोतर. फेस मनगटाच्या वर आला की पाणी तयार. जयपूरजवळच्या बगरू गावात हाताने छापलेल्या कापडाला दुसरं काही चालत नाही, असं ती गेली एकोणीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आली होती. "साबण लावलात तर माझ्याकडे रडत येऊ नका," असं ती साडी पिशवीत घालता घालता सांगायची. बायका हसायच्या आणि घरी जाऊन साबणच लावायच्या.

गेल्या वर्षीपासून मात्र त्या घंगाळात साड्यांच्या जोडीने तिच्या मुलाचे कपडे पडायला लागले. शर्ट, पँट, टोपी, गळ्याभोवती गुंडाळायचं फडकं. सगळं एकाच छापाचं, धुळीच्या आणि वाळल्या काटक्यांच्या रंगाचं. हे कापडही विभानेच करवून घेतलं होतं. साऱ्या जयपुरात तसं दुसरं कापड नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता. तो किती होता हे पुढे तिला नीट कळलं.

विभा मूळची मिरजेची. बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. नवरा उमाकांत विमा कंपनीत अधिकारी. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्याची तीन वर्षांसाठी जयपूरला बदली झाली आणि त्या तीन वर्षांची सत्तावीस झाली. परत जायची वेळ आली तेव्हा निनाद दहावीत होता. मग बारावीत. मग तिलक नगरातलं घर घेऊन झालं होतं, आणि मिरजेत आपलं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं.

निनाद पाच वर्षांचा असताना एकदा शाळेच्या बसथांब्यावर त्याने लांबूनच "आई, माझी बाटली!" अशी हाक मारली. थांब्यावरच्या पोरांनी ती हाक उचलली. आठवडाभर त्याला कुणी नावाने बोलावलं नाही. सगळे "आईऽऽ, माझी बाटलीऽऽ" म्हणत होते. तो घरी येऊन डबा न खाता झोपला. तेव्हा विभाने त्याला जवळ घेऊन समजावलं होतं, "थांब्यावर मला मम्मी म्हण. हळू बोल. बाकीची मुलं करतात तसंच करायचं. उठून दिसायचं नाही, म्हणजे कुणी काही म्हणत नाही." दुसऱ्या दिवसापासून डब्यात थालीपिठाऐवजी आलू पराठा गेला. महिनाभरात पोरगं असं मिसळून गेलं की पालकसभेत एक बाई विभाला म्हणाल्या, "आप लोग महाराष्ट्र से हैं? निनाद से तो पता ही नहीं चलता!" विभाने ते घरी येऊन उमाकांतला कौतुकाने सांगितलं होतं.

मुलगा मोठा झाला, इंजिनिअर झाला, एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. नोकरी चांगली होती, पण शनिवार-रविवार तो खोलीत पडून असायचा. मित्र होते, पण ज्यांच्या लग्नात आपण नाचावं असे नव्हते. मग त्याच्या ऑफिसात परीक्षित आला. संगमरवराच्या व्यापाऱ्याचा मुलगा, नोकरी हौसेपुरती. शहरापासून दोन तासांवर डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं फार्म होतं. निनाद शनिवारी दुपारी कॅमेरा घेऊन परीक्षितच्या गाडीतून जायला लागला. पक्षी, कोल्हे, नीलगायी, कधीमधी बिबट्या. "आई, मतलब जंगलात एकदम शांत बसायचं असतं. तीन-तीन तास. बाकीच्यांना नाही जमत. परीक्षित म्हणतो मी नॅचरल आहे."

विभाला बरं वाटलं. पोरगं खोलीतून बाहेर पडलं.

एके दिवशी तो तिच्या कापडांच्या गठ्ठ्यांपाशी येऊन बसला. "आई, बाजारात ते मिलिटरीसारखे कपडे मिळतात ना, हिरवे. ते आपल्याकडे काही कामाचे नाहीत. इथे हिरवं आहे कुठे? उन्हाळ्यात सगळा डोंगर खाकी. हिरवा शर्ट घातला की दुरून चमकतो. तुझा बगरूवाला असं कापड छापून देईल?"

मुलाने तिच्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. विभा दुसऱ्याच दिवशी बगरूला गेली.

कापड छापणारा चंदन साठीचा. दाबूचं काम तीन पिढ्यांचं. म्हणजे ठशाने कापडावर चिखल छापायचा, वर भुसा भुरभुरायचा, मग रंगात बुडवायचं. चिखलाखाली रंग शिरत नाही आणि नक्षी उरते. विभाने त्याच्यापुढे पिशवी उपडी केली. तीत आमेरच्या मागच्या टेकडीवरून निनादने आणलेले दगड, वाळल्या फांद्या, थोराचा तुकडा आणि मूठभर माती होती.

"ये रंग चाहिए, चंदनजी. हिरडा, डाळिंबाची साल, लोखंडाचं पाणी. लाल बिलकुल नहीं. निळा बिलकुल नहीं."

रंग चंदनला कळले. अडचण आली ती नक्षीची. ठसा म्हटला की तो परत परत उमटणार. आणि एकच आकार ओळीने परत आला की डोळा तो पकडतोच. विभाला तुटक, वेडंवाकडं, एकदाही न जुळणारं कापड हवं होतं. तिने चार ठसे करवून घेतले आणि चंदनला सांगितलं, प्रत्येक वेळी ठसा फिरवून, अंतर चुकवून मारायचा.

चंदनने दोन हात कापड छापलं आणि थांबला. ओळ सरळ आली होती. त्याने पुन्हा छापलं. पुन्हा सरळ. तो स्वतःवरच चिडला. "बहनजी, चालीस साल चूक न करायला शिकलो. बापाने हातावर छडी मारून शिकवलं. अब आप कहती हैं गलती करो! हात मानतच नाही."

शेवटी विभाने त्याला मान वळवून, सुनेशी भांडता भांडता छापायला लावलं. ते झकास जमलं. सून आतून ओरडत होती, चंदन उलट ओरडत होता, आणि कापडावर ठसे हवे तसे, वाटेल तिथे पडत होते. विभा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या वर्षातली तिची सगळ्यात सुखाची दुपार ती.

कपडे शिवून झाल्यावर निनाद तिला आमेरच्या मागच्या टेकडीवर घेऊन गेला. "तू इथे थांब. शंभर म्हण. मग मला शोध." तिने डोळे मिटून शंभर म्हटलं. डोळे उघडले तर समोर दगड, खुरटी झाडं, पांढरं ऊन. ती दहा पावलं गेली, पंधरा गेली. "निनाद?" कुणी नाही. "अरे, पुरे आता!" तिचा आवाज चढला. पोर कुठे घसरलं तर नाही, साप तर नाही... "निनाद! ओ दे रे!" आणि तिच्या पायापासून दोन हातांवरचा दगड हलला, उठून उभा राहिला आणि खदखदा हसला.

"आई, तू माझ्यावर पाय देणार होतीस!"

ती खाली बसली. हसू की रडू तिला कळेना. पोटच्या पोराला आपण दोन हातांवरून ओळखलं नाही याची भीती होती. पण हे कापड आपण केलं, हेही मनात होतंच. घरी येताना गाडीत ती पुन्हा पुन्हा म्हणाली, "काय कापड झालंय पण!"

परीक्षितने आणखी सात जोड मागवले. विभाने बगरूला चार खेपा घातल्या. मग निनादने धुण्याचे नियम आणले. साबण नाही. पावडर नाही. अंगाला तेल नाही, सेंट नाही. वाळले की कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचे. "जनावराचं नाक तर तेज असतंच. पण आई, डोळे पण. हरणाला लाल-केशरी नीट कळत नाही, पण निळा एकदम कळतो. आपल्याला न दिसणारा उजेडपण. आणि म्हणे पावडरने धुतलेले कपडे त्यांना चमकताना दिसतात. खरंय?"

"खरंय तर," विभा म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिला कुणी रसायनशास्त्रातलं विचारलं होतं. "पावडरीत एक द्रव्य घालतात. कपडा त्याने स्वच्छ होत नाही, नुसता उजळ दिसतो. उन्हातले आपल्याला न दिसणारे किरण ते शोषून घेतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर हरणाला तो दिव्यासारखा दिसत असणार. रिठ्यात तसलं काही नसतं." निनाद लहानपणी गोष्ट ऐकायचा तसा ऐकत होता. तेव्हापासून रविवारी परतला की तो कपडे सरळ घंगाळाशी आणून टाकायचा, आणि विभा ते देवाची उपकरणी घासावीत तसे धुवायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिने पँट पाण्यात बुडवली आणि पाणी तांबूस झालं.

रंग सुटला, हा पहिला विचार. चंदनला फोन करायचा म्हणून ती उठलीसुद्धा. मग पुन्हा बसली. खाकी होता, राखाडी होता, काळा होता. एकेक रंग तिने स्वतः उभं राहून निवडला होता. या कापडात लाल नव्हताच.

तिने पँट उलटी केली. गुडघ्याच्या शिवणीत आखूड, राठ, बदामी केस अडकले होते. पाच-सहा. तिने ते बोटाने काढून घंगाळाच्या काठावर ठेवले. तेवढ्यात तिला आठवलं, परवापासून हॉलमध्ये टीव्हीशेजारी काहीतरी लुकलुकतंय. ती ओल्या हातांनी गेली. निनादच्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्जरला लावलेली होती. शुक्रवारपासून तिथेच होती. कपाट उघडलं तर कॅमेराही आत, कप्प्यावर धूळ.

निनाद अंघोळ करून बाहेर आला तेव्हा ती तिथेच उभी होती.

"कुणाचं रक्त आहे?"

"कुठे? अच्छा ते... फार्मवर पार्टी होती, आई. बकरा कापला."

"बकऱ्याचे केस मला माहीत आहेत. आणि कॅमेऱ्याशिवाय कसले फोटो काढतोस तू?"

तो आधी हसला. मग चिडला. मग जमिनीकडे बघत एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. चिंकारा होता. छोटंसं हरीण, अंगाने शेळीएवढं. बंदूक परीक्षितची, गोळी परीक्षितची. "मी नाही मारत, आई. शप्पथ. मी फक्त पुढे जाऊन बसतो. पहाटे झुडपात. कळप कुठून येतोय ते बघायचं आणि मोबाइलवर सांगायचं. माझ्याइतकं जवळ कुणीच जाऊ शकत नाही. कळप माझ्यापासून दहा पावलांवरून जातो, त्यांना पत्ता लागत नाही! परीक्षितचे पापा स्वतः म्हणाले, ये लड़का अपना है."

"अपना है," विभा म्हणाली. "सात वर्षांची शिक्षा आहे त्याला. माहीत आहे तुला?"

"पकडलं तर. दिसलोच नाही तर कोण पकडणार?"

हे वाक्य तो कुठून शिकला, हे विभाला कुणी सांगायला नको होतं.

उमाकांत आत पेपर वाचत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. विभा खोलीत गेली तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"अहो, बोला ना काहीतरी."

"कुणी बघितलं नाही ना त्यांना?"

"एवढंच विचारायचंय तुम्हाला?"

"अगं, आपण इथे बाहेरची माणसं. ती मोठी माणसं. आरडाओरडा करून काय होणार? जाईल सोडून हळूहळू. लग्न ठरवू त्याचं."

तीस वर्षांच्या संसारात विभाला या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता. आणि तो बोलत होता ते सगळं तिचं स्वतःचंच कधी ना कधी बोलून झालेलं होतं, म्हणून राग आणखीच.

तिने निनादला शपथा घातल्या. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि शनिवारी दुपारी जायचा. तिने दोन आठवडे कपडे धुतलेच नाहीत. तो तसेच मळके घेऊन गेला. मळके कपडे हरणाला आणखी कमी दिसतात, हेही तिला माहीत होतं.

मग तिसऱ्या रविवारी तिने कपडे मागून घेतले. निनाद खूश झाला. आईचा राग गेला असं त्याला वाटलं. विभाने गच्चीवर जाऊन मोरीचं दार लावलं आणि दुकानात होती ती सगळ्यात सफेद धुणारी पावडर मुठीमुठीने बादलीत ओतली. कपडे रात्रभर भिजवले. वाळल्यावर पुन्हा तसंच. मग कडुनिंबाच्या पाल्यात व्यवस्थित घडी करून ठेवले. बघणाऱ्याला काही फरक दिसत नव्हता.

पहिल्या आठवड्यात निनाद हात हलवत आला. कळप लांबूनच उधळला म्हणे. दुसऱ्या आठवड्यात तेच. "मी हललो पण नाही! शिंकलो नाही, काही नाही. एक मादी सरळ माझ्याकडे बघून थांबली. सरळ, आई. जणू कुणी हाक मारली." तिसऱ्या आठवड्यात परीक्षितने त्याला सगळ्यांसमोर पनौती म्हटलं. निनादचा चेहरा बसथांब्यावरून आला होता तसाच झाला होता, आणि विभा स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली, कारण तिला आतून आनंद झाला होता.

चौथ्या रविवारी तो दुपारीच परतला. काही न बोलता त्याने हॉलचे पडदे ओढले, दिवे घालवले. खिशातून लहानशी टॉर्च काढली. विंचू शोधायला वापरतात तसली, जांभळ्या उजेडाची.

"बघ."

त्याने स्वतःच्या छातीवर टॉर्च मारली. त्या अंधाऱ्या हॉलमध्ये त्याचा शर्ट निळापांढरा पेटून उठला. त्याने टॉर्च फिरवली. खुर्चीवरच्या उमाकांतचा बनियन पेटला. खिडकीचे पडदे, सोफ्याची खोळ, विभाचा गाऊन. घरात एवढं काही चमकत असेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

"परीक्षितने सगळ्यांना रांगेत उभं केलं. सगळे काळे. मी एकटा असा. हसले ते, आई. म्हणाले, मम्मी का राजा बेटा, मम्मी ने चमका के भेजा है." त्याने टॉर्च खाली केली. "मी म्हटलं चुकून झालं असेल. माझी आई अशी चूक करत नाही, हे मला माहीत होतं, तरी म्हटलं. मुद्दाम केलंस?"

"हो."

"का?"

"तू कुणाला तरी दिसावास म्हणून. निदान त्या हरणांना."

"आयुष्यभर तूच सांगितलंस, उठून दिसू नकोस. तूच! एका ठिकाणी मला धरलं होतं त्यांनी आपल्यात. तुला बघवलं नाही."

"निनाद, आवाज खाली," उमाकांत म्हणाला. "शेजारी ऐकतात."

त्याच आठवड्यात निनादने मित्रांबरोबर जयपुरातल्याच मानसरोवर भागात भाड्याने फ्लॅट घेतला. जाताना कपड्यांची पिशवी नेली. घंगाळ राहिलं.

दोन महिने विभा रोज सकाळी पेपरात शिकारीच्या बातम्या शोधायची. सापडली नाही की चहा घ्यायची. तिला वाटायला लागलं, संपलं. परीक्षितने त्याला टाकलं असेल. पोरगं रुसलं तर रुसू दे, वाचलं तर खरं. मग एक दिवस साड्या आणायला ती बगरूला गेली तर चंदनच्या अंगणात दोरीवर साठेक मीटर कापड वाळत होतं. धुळीचं, काटक्यांचं, दगडांचं.

"बेटे का ऑर्डर है, बहनजी," चंदन आनंदाने म्हणाला. "बीस जोड. दोस्तांचे दोस्त, बहुत लोगों को चाहिए. निनाद भैयाने तुमचं कमिशन बाजूला ठेवायला सांगितलंय. और देखिए," त्याने कापड ताणून दाखवलं, "आता हाताला सवय झाली. बिना झगडे के गलती होती है."

म्हणजे पोराने जागा परत मिळवली होती. तिच्याच कापडाच्या जोरावर.

विभाने दोरीवरच्या कापडाच्या टोकाचा वीतभर तुकडा कात्रीने कापून घेतला. चंदनला वाटलं, नमुना. ती घरी गेलीच नाही. फार्मच्या बाजूला जाणारी बस पकडून ती त्या भागातल्या वनचौकीच्या फाट्यावर उतरली. चौकीत खाकी वर्दीतली एक तरुण वनरक्षक मुलगी एकटीच होती. विभाने टेबलावर तुकडा ठेवला. फार्म कुठे आहे, गाडी कुठली, रविवार, पहाट, सगळं सांगितलं. परीक्षितचं नाव सांगितलं.

मुलीने तुकडा उचलला, बाहेर नेऊन मातीवर टाकला, चार पावलं मागे आली आणि वाकून बघायला लागली. "आंटीजी, ये तो गजब का काम है! गायबच होतंय. किसने बनवाया?"

"मैंने," विभा म्हणाली, आणि त्याही क्षणी आत कुठेतरी बरं वाटलं, याची तिला स्वतःचीच किळस आली.

"आपका कौन है इनमें?"

पेन कागदावर थांबलं होतं. विभाने सगळी तयारी केली होती, या प्रश्नाची केली नव्हती.

"कोई नहीं."

मुलीने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि लिहून घेतलं.

शुक्रवारी निनादचा फोन आला. दोन महिन्यांत पहिला. इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "आई, रिठे किती वेळ भिजवायचे? माझे फेसच करत नाहीत."

उद्या जाऊ नकोस, एवढे तीन शब्द होते. ते बोलली असती तर तो गेला नसता, किंवा त्याने परीक्षितला सांगितलं असतं आणि सगळेच पुढच्या रविवारी गेले असते, त्याच्या पुढच्या रविवारी गेले असते.

"बिया काढल्यास का?"

"बिया काढायच्या असतात?"

"काढायच्या. रात्रभर भिजव. कोमट पाण्यात."

"थँक्यू, आई," तो म्हणाला. आवाज लहानपणीचा होता.

रविवारी सकाळी नऊ वाजता चौकीतून फोन आला. त्याने आईचा नंबर दिला होता. वनरक्षक मुलीने तिचा आवाज ओळखला.

"आंटीजी, आप तो कह रही थीं, कोई नहीं है."

"है," विभा म्हणाली. "मेरा बेटा है. आती हूँ." उमाकांत चप्पल शोधत मागे आला. "अगं, खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं तर काय सांगायचं?" "निनादला पकडलंय म्हणून सांगा," ती म्हणाली आणि जिना उतरली.

चौकीत परीक्षित नव्हता. त्याची गाडी नव्हती, बंदूक नव्हती, बाकीचे कुणी नव्हते. वनखात्याच्या जीपचे दिवे दिसताच ती सगळी मंडळी निघून गेली होती. मातीच्या भिंतीला टेकून, मातीच्याच रंगाच्या कपड्यांत निनाद एकटा बसला होता. त्याच्या मोबाइलमध्ये आधीच्या रविवारच्या शिकारीचे फोटो निघाले होते. टेबलावर त्याच्याकडे सापडलेला सुरा ठेवला होता.

"जवळून गेलो तरी दिसला नाही," वनरक्षक मुलगी हलक्या आवाजात विभाला म्हणाली. "तो तुकडा आधी बघितला नसता तर याच्यावरून पाय देऊन पुढे गेलो असतो."

निनादने वर बघितलं. "आई," तो म्हणाला. चौकीतली सगळी माणसं वळून बघायला लागली, पण त्याने आवाज खाली केला नाही. "परीक्षित म्हणाला हलू नकोस, आम्ही येतो. गाडी गेल्याचा आवाज आला मला. तरी मी हललो नाही. दीड तास. मला वाटलं, येतील."

विभा त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. त्याच्या बाहीला रिठ्याचा वास येत होता. या वेळी नीट धुतले होते.

"तुकडा मी आणून दिला इथे," ती म्हणाली.

त्याने मान वळवली नाही. पण त्याचा दंड तिच्या दंडाला लागलेला होता, तो आधी ताठ झाला आणि मग हळूहळू, बोटबोटभर सरकत, लांब गेला.

वनरक्षक मुलीने नोंदवही उघडून विभापुढे धरली. कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं आणि विचारलं, "रिश्ता क्या लिखूँ?"

"लिहा, आई," विभा म्हणाली.